समृद्धीची साखर आणि आमची गल्ली

हॉस्पिटलातल्या समुपदेशक मॅडम हात धुऊन माझ्या मागे लागल्या. "वैशालीताई, तुमचा अनुभव लिहा ना. दुसऱ्या आयांना धीर मिळेल." मी म्हटलं, मॅडम, मला नुसता राग येतो, धीर कुठून देऊ? दीड वर्ष झालं तरी तो जात नाही. त्या म्हणाल्या, मग राग लिहा. तर घ्या.

माझ्या मुलीला, समृद्धीला, अकराव्या वर्षी मधुमेह झाला. हो, झाला. लहान मुलांनाही होतो. "एवढ्याशा पोरीला कुठं शुगर असते का?" असं मला तोंडावर विचारणाऱ्यांची रांग लावली तर आडगावपासून द्वारका चौकापर्यंत जाईल. आणि त्या रांगेत सगळ्यात पुढे माझे सख्खे नातेवाईक असतील.

उन्हाचं निमित्त

आमचा आडगावच्या अंगाला मळा आहे. कोथिंबीर, मेथी, थोडे टोमॅटो. मी आणि समृद्धीचे पप्पा रोज संध्याकाळच्या लिलावाला माल घेऊन बाजार समितीत जातो. गल्लीत नऊ घरं, निम्मी भाऊबंदांची, निम्मी नंतर प्लॉट घेऊन आलेल्यांची. कोण कधी शिंकलं तेसुद्धा सगळ्यांना ठाऊक असतं.

त्या उन्हाळ्यात समृद्धी पाणी प्यायला लागली. अर्धा माठ एकटी संपवायची. शाळेतून बाईंची तक्रार, सारखी बाहेर जाते. कबड्डीत कुणाच्या हाती न लागणारी पोर दोन चढाया केल्या की मातीत बसायची. मग एके दिवशी तिनं अंथरूण ओलं केलं. मी तिला काय म्हणाले माहितीये? "एवढी घोडी झालीस, लाज नाही वाटत?"  चादर घेऊन मोरीत गेली आणि स्वतः धुतली. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डॉक्टरकडे नेलं नाही असं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी मान वर न करता ऊन लागलंय म्हणून टॉनिक लिहून दिलं. सासूबाईंनी मीठमिरच्यांनी दृष्ट काढली. बोटातल्या एका थेंबाची तपासणी, मिनिटाचं काम, ती कुणालाच सुचली नाही. त्या डॉक्टरांच्या दवाखान्यावरून जाताना मी अजून मुद्दाम स्कूटीचा हॉर्न वाजवते. पोरकटपणा आहे, पण बरं वाटतं.

किती दिवस?

मग उलट्या सुरू झाल्या. श्वास भात्यासारखा चालला होता, तोंडाला सडक्या फळासारखा वास येत होता. टेम्पोत कोथिंबीर भरलेली होती. ती तशीच ठेवून, पोरीला मांडीवर आडवी घेऊन आम्ही शहरातलं मोठं हॉस्पिटल गाठलं. तिथल्या डॉक्टर मॅडम तरुण होत्या. त्यांनी समृद्धीच्या बोटाला टोचलं, मशीनकडे बघितलं आणि पळत आत नेलं.

दोन तासांनी बाहेर येऊन त्या म्हणाल्या, "आई, समृद्धीला टाइप वन डायबेटिस आहे. तिला रोज इन्सुलिन घ्यावं लागेल. आयुष्यभर."

"किती दिवस?" मी विचारलं.

"आयुष्यभर."

"हो, ते कळलं. पण किती दिवस?"

त्यांनी माझा हात धरला. मी झटकला. मला हात नको होता, तारीख हवी होती.

पाच दिवस आयसीयू, पुढे आठ दिवस वॉर्ड. उठल्याबरोबर बोटाला टोचणी, नाश्त्याआधी इंजेक्शन, मग ताटलीत मोजून दोन इडल्या, पुन्हा टोचणी, पुन्हा इंजेक्शन. समृद्धीची बोटं काळ्या ठिपक्यांनी भरली. समृद्धीचे पप्पा, एका दमात टोमॅटोचे दोन क्रेट उचलणारा माणूस, ती बारीक सुई बघितली की भिंत धरायचे. मी त्यांना वॉर्डात सगळ्यांसमोर नाही नाही ते बोलले. ते खाली जाऊन पायरीवर बसायचे, मी वर येऊ द्यायचे नाही.

त्या वॉर्डात मला एकच माणूस आवडलं, एक वयस्क सिस्टर. त्यांनी माझ्या एका हातात संत्रं दिलं, दुसऱ्या हातात सुई. म्हणाल्या, "टोचा. रडायचं असेल तर खुशाल रडा, पण संत्र्याकडे बघून रडा, सुई वाकडी जाते." मी बारा संत्री टोचली. तेराव्या वेळी माझी मुलगी होती.

नांदगावची नणंद भेटायला आली. पिशवीत कारल्याची पावडर. "इंजेक्शनाची सवय लागते, वैशाली. ही दे, महिन्यात बंद होतील." मी ती पावडर तिच्यासमोर बेसिनमध्ये ओतली. मग ती आवाज उतरवून म्हणाली, "बरं, निदान कुणाला सांगत बसू नका. पोरीची जात आहे. उद्या करून कोण घेईल तिला?" समृद्धी डोळे मिटून पडली होती, पण ती जागी होती. तिच्या पापण्या हलत होत्या.

पावडर मी फेकली आणि हा दुसरा सल्ला मात्र मुकाट्यानं घेतला. तिथं मी चुकले. त्याला नणंद जबाबदार नाही.

कावीळ

घरी आल्यावर गल्लीला आम्ही सांगितलं, कावीळ झाली होती. अशक्तपणा आहे, जपावं लागेल.

आता आमच्याकडे काविळीच्या माणसाला काय देतात? उसाचा रस. ग्लुकोजचं पाणी. गूळ, मनुका. मला हे सुचायला नको होतं का? मी याच मातीत वाढलेय. पण तेव्हा डोकं ठिकाणावर नव्हतं. घरात मी पोळीसुद्धा मोजून वाढत होते आणि शुगर रोज तीनशेच्या वर. डॉक्टर मॅडम फोनवर विचारायच्या, काही गोड जातंय का पोटात? मी छातीठोकपणे सांगायचे, चुकूनसुद्धा नाही. इन्सुलिन वाढवलं तरी उतार पडेना. समृद्धी तोंडातून चकार शब्द काढत नव्हती. तिलाच आम्ही बजावलं होतं ना, कुणाला सांगायचं नाही म्हणून. मग नाही तरी कसं म्हणणार?

एके दिवशी मी शोभाकाकूंच्या दुकानात मीठ आणायला गेले. शोभाकाकू म्हणजे गल्लीच्या तोंडावरचं किराणा दुकान. एकटी बाई, साठी उलटलेली. समृद्धी रांगायची तेव्हापासून त्यांच्या गल्ल्याजवळ बसलेली आहे. तर त्या दुकानात माझी पोर बसलेली, हातात पितळी पेला आणि पेल्यात उसाचा रस.

"रोज मागवते बघ तिच्यासाठी," काकू कौतुकानं म्हणाल्या. "लय उतरलीय पोर. काविळीला यासारखं औषध नाय."

मी तो पेला हिसकावून रस्त्यावर फेकला. मग जे तोंड सुटलं ते सुटलंच. तुम्हाला पोर मारायचीय का, तुम्हाला कोणी सांगितलं होतं, लोकांच्या लेकरांवर प्रयोग कसले करता. सगळी गल्ली ओट्यावर आली. तिथंच, सगळ्यांसमोर, मी ओरडून सांगितलं, "तिला शुगर आहे, शुगर! कळलं? आजपासून कुणीही, कुणीही हिला गोडाचा कण दिला तर मी पोलिसात जाईन!"

शोभाकाकूंचा चेहरा मला अजून दिसतो.  दुसऱ्या दिवशी बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून त्यांनी दुकानात टांगला. त्यावर मार्करनं लिहिलं होतं: समृद्धीला गोड देऊ नये.

तो पुठ्ठा चार महिने टांगलेला होता. पोरं तिला "शुगर फ्री" म्हणायला लागली. ती शाळेतून मागच्या चिखलाच्या रस्त्यानं घरी यायला लागली. कुणाच्या घरी बारसं, वाढदिवस असला की बायका तिला दारातूनच परत पाठवायच्या, "नको गं बाई, तुझी मम्मी वरडंल." आणि मी? मी खूश होते. चला, वचक बसला एकदाचा.

बरणी

इन्सुलिन घेणाऱ्या मुलांची शुगर वाढते तशी एकदम उतरतेही. जेवण कमी पडलं, खेळणं जास्त झालं की उतरते. अंग थरथरतं, घाम फुटतो, पोर विनाकारण चिडते, डोळ्यांपुढे अंधार येतो. आम्ही त्याला लो होणं म्हणतो. तेव्हा साखर लागते. लगेच, मिनिटांत. तीच साखर जी मी गल्लीभर बंद करून टाकली होती. हे मी घरात सासूबाईंनासुद्धा धड सांगितलं नव्हतं. माझ्याशिवाय कुणाला जमणारच नाही अशी माझी खात्री होती.

त्या दिवशी शाळेत कबड्डीचा सराव लांबला. तिच्या दप्तरात ग्लुकोजची पुडी असायची. ती दोन दिवसांपूर्वी संपलेली आणि मी नवी ठेवायला विसरलेले. मीच. आम्ही दोघं लिलावात, सासूबाई मळ्यात. समृद्धी लटपटत गल्लीत आली आणि चार महिन्यांनी पहिल्यांदा काकूंच्या दुकानाची पायरी चढली.

"काकू, साखर द्या."

"नाय बाई. तुझी मम्मी मला जित्ती ठेवायची नाय."

"द्या ना काकू, मला कसंतरी होतंय."

काकूंनी पुठ्ठ्याकडे बोट दाखवलं. समृद्धी चिडली, गल्ल्यावरून वाकून साखरेच्या बरणीला तिनं हात घातला. काकूंनी बरणी उचलून वरच्या फळीवर ठेवली. दुकानात आलेली एक बाई म्हणाली, "बघा, आता हिसकावायला पण शिकली." आणि माझी मुलगी पायरीवर कोसळली.

माझा फोन वाजला. "वैशाली, पोर पडली गं! घामानं चिंब झालीय, डोळे फिरवतीय!"

"काकू, गिळतेय का? घोटभर पाणी गिळतेय का बघा!"

"गिळती."

"मग साखर द्या! पाण्यात साखर घालून घोट घोट पाजा!"

 मग काकूंचा बारीक आवाज, "साखर? अगं, पण तूच म्हणली होतीस..."

"काकू, साखर!!" मी अशी किंचाळले की लिलाव थांबला.

माल तसाच टाकून आम्ही निघालो. टेम्पोत बसून मी काय काय बोलायचं ते ठरवत होते. त्या बाईला सोडणार नव्हते मी. पोहोचले तर समृद्धी भिंतीला टेकून बिस्किट खात होती, हनुवटीला साखर चिकटलेली. शोभाकाकू खाली फरशीवर बसलेल्या.

मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "चार महिने झाले, वैशाली. चार महिन्यांत तू मला एकच शिकवलंस, नाय म्हणायचं. दुसरं काही शिकवलंस का? पोर माझ्याकडं जीव मागत होती अन् मी बरणी वर ठेवली. मला ठाऊक असतं तर मी पोतं ओतलं असतं गं तिच्या म्होरं." आणि त्या पदर तोंडात धरून रडायला लागल्या.

मी म्हणाले, "तो पुठ्ठा काढा." माफी वगैरे मला तेव्हा जमली नाही. पुठ्ठा समृद्धीच्या पप्पांनी ओढून काढला.

ओटा

डॉक्टर मॅडमनी मला फैलावर घेतलं. "तुमच्या गल्लीत लो कुणाकुणाला ओळखता येतो?" मला, मी म्हटलं. "आणि तुम्ही संध्याकाळी कुठे असता?" लिलावात.

रविवारी मी नऊ घरं फिरले. मला मदत मागायची सवय नाही, त्यामुळे मी बोलावणंसुद्धा दटावल्यासारखंच केलं. तरी बायका आमच्या ओट्यावर आल्या, दोन पुरुषही आले. मी पाच मिनिटं बोलले आणि दोघींना झापलं. मग समृद्धी म्हणाली, "मम्मी, तू थांब." ती उठून उभी राहिली. "मी चिडले, थरथरले, मला घाम आला, तर ते नाटक नसतं. आधी साखर द्यायची, मग प्रश्न विचारायचे. आणि मी गिळत नसले तर तोंडात काही घालायचं नाही, कुशीवर झोपवायचं आणि ॲम्ब्युलन्सला फोन करायचा."

"टोचल्यावर दुखतं का गं?" कुणीतरी विचारलं.

"दुखतं. बोट द्या, दाखवते."

तिनं दर वेळी नवी सुई लावून एकेकीला टोचलं. शोभाकाकू अशा बोंबलल्या की शेजारची कुत्री भुंकायला लागली. आजारी पडल्यापासून समृद्धी पहिल्यांदा पोट धरून हसली.

त्या दिवसापासून नऊही घरांत दाराआड साखरेची डबी आहे. माझी चुलत जाऊ बांधाच्या भांडणावरून तीन वर्षं आमच्याशी बोलत नव्हती. तिनंही मुकाट्यानं डबी नेली. ती माझ्याशी एक शब्द बोलली नाही, मीही नाही. भांडण अजून चालू आहे. डबीतली साखर मात्र दर महिन्याला बदललेली असते, मी खिडकीतून बघते.

माझ्या पाठीमागे

आईला बरं वाटतं तेव्हाच तिच्या पाठीमागे काहीतरी शिजत असतं.

ओट्यावरच्या शिकवणीनंतर संध्याकाळचं इंजेक्शन सासूबाईंकडे सोपवलं होतं. मी रोज विचारायचे, "आई, दिलंत?" त्या म्हणायच्या, "झालं हो." एक दिवस लिलाव लवकर आटोपला. घरी आले तर दोघी नाहीत. शोभाकाकूंच्या दुकानात पडद्यामागे समृद्धी बसलेली, पोटावरचं कापड वर, हातात इन्सुलिनचं पेन. ती स्वतः टोचत होती. मोठ्यानं दहापर्यंत मोजत होती. सासूबाई चष्मा लावून पेनावरचा आकडा तपासत होत्या आणि काकू पेनाचं टोपण धरून डोळे घट्ट मिटून उभ्या होत्या.

"किती दिवस चाललंय हे?"

"झाले दोन आठवडे," सासूबाई म्हणाल्या. "मी समोर बसते की. माझा हात कापतो गं, वैशाली. तिचा नाही कापत."

"ते माझं काम आहे! माझ्या मुलीला मी टोचीन!"

काकूंनी एक डोळा उघडला. "किती वर्षं टोचणार हायस? कॉलेजात जाशील का तिच्या संगं?"

मी समृद्धीकडे बघितलं. मला वाटलं ती घाबरेल. ती म्हणाली, "मम्मी, तू टोचताना श्वास धरून ठेवतेस. मग मला भीती वाटते."

मी घरी जाऊन भांडी आपटली. दोन दिवस काकूंशी बोलले नाही. मी एवढं केलं, रात्रीची झोप सोडली, बारा संत्री टोचली, आणि माझ्या पोरीला भीती माझीच वाटत होती? पण तिसऱ्या दिवशी पेन मी तिच्या हातात दिलं. श्वास मात्र अजून धरते, जात नाही ती सवय.

येवला

यंदा ती शाळेच्या कबड्डी संघात निवडली गेली. सामने येवल्याला. मुख्याध्यापक म्हणाले, ही नको, जबाबदारी कोण घेणार? आता खरं सांगते. मला हायसं वाटलं. मी समृद्धीला म्हटलं, "सरच नाही म्हणाले, मी काय करू?" ती रडली नाही. तिनं बूट पलंगाखाली ढकलले आणि जेवायला बसली.

पण गल्लीला कळलं. शोभाकाकू ठेवणीतलं लुगडं नेसून, चार बायका घेऊन शाळेत गेल्या. मला न विचारता! तिथं त्यांनी सरांना लो म्हणजे काय, हाय म्हणजे काय, सगळं शिकवलं, आणि वर सांगितलं, "मी येते हिच्या संगं. दुकान बंद राहील एक दिवस, काय गाव उपाशी मरत नाय." सर हो म्हणाले.

मी पेटले. काकूंच्या दारात जाऊन म्हटलं, मुलगी माझी आहे, काही झालं तर? तेव्हा समृद्धीचे पप्पा मागून आले. वर्षभर माझ्यापुढे तोंड न उघडलेला माणूस. ते म्हणाले, "वैशाली, घाबरतेस तू. ती नाही. जाऊ दे तिला."

मी वळून घरी आले. समृद्धी पलंगाखालून बूट काढत होती.

सामन्याच्या दिवशी मी बाजार समितीत लवकरच जाऊन बसले. घरी बसवत नव्हतं. जुड्या लावते आणि फोन बघते, जुड्या लावते आणि फोन बघते. चारच्या सुमाराला काकूंच्या नंबरवरून फोन आला. 

"मम्मी, लो झालं होतं." समृद्धीचा आवाज. "मी ग्लुकोज घेतलं, पंधरा मिनिटं थांबले, परत तपासलं. आता बरोबर आहे."

"किती आली? खरं सांग, किती आली? काकू कुठंयत? आता खेळायचं नाही, कळलं का, सरांना दे फोन..."

"काकू इथंच आहेत. मम्मी, ठेव आता, माझी चढाई आहे."

आणि तिनं फोन ठेवला. माझा!

मी परत लावला. उचलला नाही. परत लावला. पाचव्यांदा शोभाकाकूंनी उचलला. मागे शिट्ट्या, आरडाओरडा, पोरी समृद्धीच्या नावानं ओरडत होत्या. "अगं वैशाली, गप बस ना जरा," त्या खेकसल्या, "मला बघू दे!" आणि त्यांनीही ठेवला.

मी कोथिंबिरीच्या ढिगाशेजारी बसले आणि भर बाजारात हमसून हमसून रडले. एक व्यापारी धावत आला, "काय झालं ताई, काही वाईट आहे का?"

मी म्हटलं, "तुम्ही तुमचा लिलाव बघा. माझी पोरगी खेळतेय."